वॉर्डात नर्स म्हणून नवीन आलीस ना, मग हे ऐक

सलाईन लावायला हात आपोआप बसतो. बोलायला मात्र मुद्दाम शिकावं लागतं. रात्री डॉक्टरांना फोन करून ‘सर, पेशंटला बरं वाटत नाहीये’ एवढंच म्हणू नकोस, ते ‘बघतो’ म्हणून कूस बदलतील. फाइल हातात धर आणि सांग: ‘बेड 12, काल आतड्याचं ऑपरेशन, बीपी 90/60, पल्स 124, 4 तासांत लघवी फक्त 60 मिली. तुम्ही येऊन बघायला हवं.’ शेवटचं वाक्य गिळू नकोस. फोनवर ऑर्डर मिळाली तर लिहून घे, वाचून दाखव, मगच फोन ठेव.

नातेवाईक एकच प्रश्न पाचदा विचारतात, कारण दर वेळी नवा मामा आलेला असतो. घरातला एक माणूस ठरवून घे, त्यालाच सांग. ‘थांबा जरा’पेक्षा ‘हे इंजेक्शन देऊन दहा मिनिटांत येते’ म्हण, आणि खरंच जा. आजार किती गंभीर आहे, ते मात्र डॉक्टरांनाच सांगू दे.

मावशींवर, म्हणजे वॉर्डातल्या आयांवर, ओरडू नकोस; निम्मा वॉर्ड त्याच चालवतात (इंचार्ज सिस्टर हे कबूल करणार नाहीत). आणि ओव्हर, म्हणजे ड्युटी बदलताना आधीच्या नर्सकडून पेशंटची माहिती, खुर्चीत बसून घेऊ नकोस. प्रत्येक बेडजवळ जा, ड्रेन (ऑपरेशनच्या जागेतलं पाणी काढणारी नळी), कॅथेटर (लघवीची नळी) स्वतः बघ, मग सही कर.