रोमिओ गरीब होता म्हणून ज्युलिएटच्या घरच्यांचा विरोध होता का?

नाही हो, हा गैरसमज बऱ्याच जणांचा असतो, कदाचित आपल्याकडच्या श्रीमंत मुलगी गरीब मुलगा टाइप पिक्चरमुळे. शेक्सपिअरने नाटकाच्या पहिल्याच ओळीत सांगून टाकलंय की वेरोनातली ही दोन्ही घराणी तोलामोलाची आहेत, भांडण आहे ते जुन्या वैराचं, पैशाचं नाही.

पण प्रतिष्ठेचा मुद्दा आहेच, तो ज्युलिएटसाठी आलेल्या पॅरिस नावाच्या तरुणाच्या स्थळात दिसतो. तो काउंट, वर वेरोनाचा राजा म्हणजे प्रिन्स, त्याचा नातलग, म्हणजे बापाच्या दृष्टीने सोन्यासारखं स्थळ, आणि ज्युलिएट नाही म्हणते तेव्हा हाच बाप पोटच्या पोरीला भीक माग, उपाशी मर, रस्त्यावर मर म्हणतो, माझ्या इस्टेटीतलं काही मिळणार नाही म्हणतो. मला तो सीन वैरापेक्षाही भयंकर वाटतो.

खरी गरिबी बघायची तर नोकरांकडे बघा. कॅप्युलेटच्या, म्हणजे ज्युलिएटच्या वडिलांच्या, नोकराला वाचता येत नाही म्हणून तो पाहुण्यांची यादी नेमकी रोमिओकडूनच वाचून घेतो आणि तिथूनच रोमिओला पार्टीचं कळतं. आणि मँटुआ शहरातला तो फाटका औषधवाला, विष विकलं तर मृत्युदंड हे माहीत असूनही 40 ड्युकॅटसाठी (तेव्हाची सोन्याची नाणी) रोमिओला विकतो, कारण पोटात अन्न नाही. त्याच्याबद्दल कुणी बोलतच नाही!