ब्रिटिश लॉर्ड म्हणजे नक्की कोण? ड्यूक मोठा की अर्ल?

लॉर्ड ही एक पदवी नाहीये, पाच पायऱ्या आहेत, वरून खाली ड्यूक, मार्क्वेस, अर्ल, व्हायकाउंट आणि बॅरन. म्हणजे ड्यूक सगळ्यात मोठा, आणि गंमत अशी की बाकी चौघांना बोलताना सरसकट लॉर्ड म्हणतात पण ड्यूकला लॉर्ड म्हटलेलं चालत नाही, तो ड्यूकच.

आपल्या ओळखीतलं उदाहरण घ्या. 1803 ला जालन्याजवळ असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढला तो आर्थर वेलस्ली तेव्हा नुसता मेजर जनरल होता, पदवी बिदवी काही नाही, मग स्पेन-पोर्तुगालात फ्रेंचांना हरवत गेला तसा 1809 ला व्हायकाउंट, 1812 मध्ये एकाच वर्षात आधी अर्ल मग मार्क्वेस आणि 1814 ला ड्यूक ऑफ वेलिंग्टन. प्रमोशनच म्हणा की!

पदवी साधारण थोरल्या मुलाकडे जायची आणि तिच्यासोबत हाउस ऑफ लॉर्ड्स म्हणजे ब्रिटिश संसदेच्या वरच्या सभागृहातली खुर्ची पण. बापाची जहागीर होती म्हणून पोरगा कायदे करणार, मला तर हे अजबच वाटतं. 1958 च्या कायद्यानंतर हयातीपुरते लॉर्ड नेमायला लागले, त्यांची पदवी त्यांच्याबरोबरच संपते. 1999 ला वंशपरंपरेवाल्यांपैकी 92 जण ठेवून बाकी सगळ्यांना सभागृहातून घरी पाठवलं, पदव्या मात्र काढल्या नाहीत.

आणि हो, नावावरून गोंधळू नका, बंगालचा पहिला गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज लॉर्ड नव्हता. 1818 ला पेशवाई बुडाली तेव्हाचा गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्ज, तो वेगळा माणूस.