अंत्यसंस्कार सेवेची परदेशी पदवी : कर्ज काढण्याआधीचा हिशेब

प्रश्न : मी खानापूर तालुक्यातील असून रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो आहे. आखाती देशात नोकरीला असलेले माझे काका गेल्या वर्षी तिकडेच वारले. त्यांचा मृतदेह गोव्याच्या विमानतळावरून गावी येईपर्यंत नऊ दिवस गेले आणि तेवढ्या काळात कोणता कागद कोठे लागतो हे सांगणारा एकही माणूस आम्हांला भेटला नाही. तेव्हापासून याच कामाचे शिक्षण घ्यावे असे मनात आहे. अमेरिकेत अंत्यसंस्कार सेवेची दोन वर्षांची पदवी मिळते आणि राहण्या-जेवण्यासह सुमारे २५ लाख रुपये लागतील, असे तेथील नातेवाइकांनी कळवले आहे. त्यासाठी शेतजमीन तारण ठेवावी लागेल. आई म्हणते, मयतीच्या कामाला पदवी कशाला हवी आणि अशा मुलाला मुलगी कोण देईल? हा खर्च निघेल का?
— एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : तुमच्या मनात हा विचार ज्या प्रसंगातून आला, तो वाचताना मलाही वाईट वाटले. सीमाभागातील कितीतरी घरांनी हा अनुभव घेतलेला आहे आणि हे काम शिकावेसे वाटणे यात कमीपणाचे काहीही नाही. मात्र इच्छा चांगली असली तरी तुम्ही विचारता ती पदवी ज्या गावी वापरायची आहे तेथे तिला किती मोल आहे, हे वेगळे तपासावे लागते.

अमेरिकेत बहुतेक ठिकाणी ही दोन वर्षांची असोसिएट पदवी, म्हणजे बॅचलर पदवीच्या खालची पदवी असते. शरीररचना, रसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, मृतदेह टिकवण्याची म्हणजे एम्बामिंगची प्रक्रिया, चेहऱ्याची पुनर्रचना, कायदा, व्यवसायाचे हिशेब आणि शोकाकुल कुटुंबाशी बोलण्याची रीत असे विषय त्यात शिकवतात. परंतु नुसत्या पदवीवर तेथे काम करता येत नाही. परवाना प्रत्येक राज्य स्वतंत्रपणे देते, त्यासाठी बहुतेक राज्यांत कला आणि विज्ञान अशा दोन भागांची राष्ट्रीय परीक्षा द्यावी लागते आणि साधारण एक ते तीन वर्षे परवानाधारकाच्या हाताखाली उमेदवारी करावी लागते. एका राज्याचा परवाना दुसऱ्या राज्यात आपोआप चालत नाही. भारतात तर असा परवानाच नाही, त्यामुळे तिकडचा परवाना येथे दाखवून कोणतेही अधिकृत पद मिळणार नाही.

तेथेच राहून कमाई करायची म्हटले, तर व्हिसाची अडचण मोठी आहे आणि ती दलाल सांगत नाहीत. विद्यार्थी व्हिसावर शिकल्यानंतर साधारण एक वर्ष काम करता येते. पुढे नोकरीसाठी लागणारा एच-१बी व्हिसा ज्या कामाला किमान बॅचलर पदवी आवश्यक समजली जाते अशाच कामासाठी मिळतो, आणि असोसिएट पदवीवर चालणारे हे काम सहसा त्यात बसत नाही. मिनेसोटा आणि ओहायो या राज्यांत परवान्यासाठी बॅचलर पदवी लागते हे खरे, पण तेथे शिक्षणाची वर्षे आणि खर्चही वाढतो.

आता कर्जाचे बोलू. समजा २५ लाख रुपये दोन समान हप्त्यांत, एक वर्षाच्या अंतराने उचलले आणि व्याज ११ टक्के आहे. शिक्षणाची दोन वर्षे आणि त्यापुढचे, हप्ता न भरण्याच्या सवलतीचे एक वर्ष धरता साध्या व्याजानेच ६ लाख ८७ हजारांहून अधिक रक्कम चढते. मूळ रकमेत ती मिळवून दहा वर्षांत फेडायची म्हटल्यास महिन्याला सुमारे ४३,९०० रुपये भरावे लागतील. आणखी एक गोष्ट म्हणजे थकलेल्या कर्जाच्या वसुलीचा सरफेसी कायदा शेतजमिनीला लागू होत नाही, त्यामुळे अनेक बँका शैक्षणिक कर्जासाठी शेतजमीन तारण म्हणून घेत नाहीत. मग माणूस खासगी कर्जाकडे वळतो आणि तेथे व्याज याहून जड असते. साडेसात लाखांपर्यंतचे शैक्षणिक कर्ज मात्र सरकारी बँकांत मालमत्ता तारण न ठेवता, जामीनदारावर मिळू शकते. तुमची मर्यादा तेथेच ठेवावी, असे मला वाटते.

हा हप्ता खानापूर-बेळगावच्या कमाईतून फिटेल का? माझ्या मते नाही. आपल्याकडे मयत झाली की गल्लीतले पंच, भाऊबंद आणि शेजारी तिरडी बांधण्यापासून रक्षाविसर्जनापर्यंत सारे पाहतात आणि त्याचे पैसे कोणी मागत नाही. हिंदू घरांत दहन बहुधा त्याच दिवशी उरकते, लिंगायत आणि मुस्लिम बांधवांचे दफनही लांबवत नाहीत, त्यामुळे एम्बामिंगची गरज क्वचितच पडते. परदेशातील मुलाबाळांची वाट पाहणारी काही कुटुंबे आणि विमानाने जाणारे मृतदेह एवढाच तो वर्ग. तेथेही प्रक्रिया सहसा वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचना विभागातील डॉक्टर करतात आणि दाखलाही तेच देतात. शववाहिका आणि शीतपेटी अनेक ठिकाणी सामाजिक संस्था नाममात्र दराने पुरवतात. अमेरिकेत अंत्यसंस्कार हा मोबदला घेऊन चालणारा व्यवसाय आहे, इतका की ग्राहकाला सेवांची वेगवेगळी दरसूची देण्याची सक्ती तेथील केंद्रीय नियमाने १९८४ पासून केलेली आहे. आपल्याकडे ते शेजारधर्माचे काम आहे.

तुमच्या कुटुंबाला ज्या माणसाची उणीव भासली तो कागदपत्रे जाणणारा माणूस होता, आणि ते ज्ञान पदवीवाचून मिळते. आखातातून मृतदेह आणताना भारतीय दूतावासाचे ना-हरकत पत्र, रद्द केलेला पासपोर्ट, मृत्यूचा दाखला आणि एम्बामिंगचा दाखला लागतो. येथील मृत्यूची नोंद १९६९ च्या कायद्यानुसार २१ दिवसांच्या आत कळवावी लागते. सीमाभागात आणखी एक पेच असतो तो भाषेचा : कार्यालयातला अर्ज कन्नडमध्ये, घरची माणसे मराठी आणि विमा कंपनीचे पत्र इंग्रजीत. तिन्ही भाषांतील कागद नीट वाचून भरणाऱ्या, योग्य मोबदला आधी सांगून घेणाऱ्या विश्वासू माणसाला येथे काम आहे. ते पूर्ण वेळचे उत्पन्न होईलच असे नाही, म्हणून सुरुवातीला नोकरी सांभाळून करावे.

तुमची बी.एस्सी. वाया जाऊ देऊ नका. बेळगावातील वैद्यकीय महाविद्यालयांत शरीररचना विभागात किंवा शवागारात तंत्रज्ञ-साहाय्यकाच्या जागा निघतात का, याची चौकशी करा आणि एक वर्ष तेथे काम करून पाहा. मृतदेह टिकवण्यासाठी वापरतात त्या फॉर्मॅलिनचा वास, रात्रीचे बोलावणे आणि रडणारी माणसे हे सारे सोसते का, हे तेव्हाच कळेल. फॉर्मॅलिनमधील फॉर्मॅल्डिहाइडचा समावेश आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये मानवात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांत केला, त्यामुळे हवा खेळती आहे का आणि हातमोजे-मुखपट्टी मिळते का, हे पहिल्याच दिवशी पाहा.

आईंच्या दुसऱ्या चिंतेला मी हलके मानत नाही. हे काम करणाऱ्यांना आपल्या समाजाने वर्षानुवर्षे दूर ठेवले, हा अन्याय आहे, आणि तुमच्यासारख्या शिकलेल्या मुलाने ते उघडपणे केल्यास तो थोडा कमी होईल असे मला मनापासून वाटते. पण स्थळाच्या मंडळींपासून काहीही लपवू नका.

वर्षभरानंतरही अमेरिकेची ओढ राहिली, तर खासगी संस्थेऐवजी सरकारी सामुदायिक महाविद्यालय निवडा आणि अभ्यासक्रमाला अमेरिकन बोर्ड ऑफ फ्युनरल सर्व्हिस एज्युकेशनची मान्यता आहे का ते पाहा. शुल्काचा पहिला हप्ता भरण्याआधी त्या राज्याच्या परवाना मंडळाला पत्र लिहून, विद्यार्थी व्हिसावर आलेल्याची उमेदवारी ते नोंदवतात का, हे लेखी विचारा आणि लेखी उत्तर हातात आल्याशिवाय जमिनीच्या कागदावर आईंची सही घेऊ नका.