उंदरांची साखर उतरली, म्हणजे औषध सापडले का?

प्रश्न : अमुक वनस्पतीच्या अर्काने मधुमेही उंदरांची रक्तशर्करा लक्षणीय उतरली, असे वारंवार वाचनात येते. कारले, जांभळाच्या बिया, मेथी आणि गुडमार ही नावे तर नेहमीचीच. मग त्यांच्यापासून मान्यताप्राप्त औषध का तयार होत नाही? मी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड घेतो. सोबत गुडमारचे चूर्ण सुरू करावे का?

उत्तर : आपण घेत असलेल्या मेटफॉर्मिनचे मूळच एका वनस्पतीत आहे. युरोपातील लोकवैद्यकात वापरल्या जाणाऱ्या गॅलेगा ऑफिसिनॅलिस या वनस्पतीत गॅलेजीन नावाचे द्रव्य असते. ते साखर उतरवते, पण विषारीही आहे. रचनेने त्याच्या जवळचे असलेले मेटफॉर्मिन १९२२ मध्ये प्रयोगशाळेत तयार झाले आणि फ्रान्समधील डॉ. झाँ स्टर्न यांनी रुग्णांवरील निष्कर्ष १९५७ मध्ये प्रसिद्ध केले. सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून १८३५ मध्ये वेगळे काढलेले फ्लोरिझिन लघवीवाटे साखर बाहेर टाकते, परंतु पोटात घेतल्यास ते आतड्यातच फुटते. रसायनशास्त्रज्ञांनी त्याची रचना बदलून टिकाऊ केली, तेव्हा डॅपाग्लिफ्लोझिनसारखी औषधे हाती आली. म्हणजे वनस्पतींपासून औषधे निघतात. मात्र उंदरावरचा प्रयोग ही त्या वाटेवरची फार सुरुवातीची पायरी आहे.

त्या प्रयोगात नेमके काय करतात, हे पाहण्यासारखे आहे. बहुतेक वेळा उंदराला स्ट्रेप्टोझोटोसिन टोचतात. हे द्रव्य स्वादुपिंडातील इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी नष्ट करते आणि काही दिवसांत साखर चढते. माणसातला टाइप २ मधुमेह असा होत नाही. त्यात इन्सुलिनला शरीराने दाद न देणे आणि बीटा पेशी हळूहळू थकणे हे वर्षानुवर्षे चालते. चरबीयुक्त आहार आणि कमी मात्रेतले स्ट्रेप्टोझोटोसिन यांची जोड देऊन या अवस्थेच्या थोडे जवळ जाता येते. शिवाय अर्क विष टोचण्याच्या आधीपासून दिला असेल, तर त्याने कदाचित विषाला अडवलेले असते, मधुमेह बरा केलेला नसतो. कडू अर्कामुळे उंदराने खाणेच कमी केले तरीही साखर उतरते; म्हणून रोजच्या खाण्याची आणि वजनाची नोंद नसलेला शोधनिबंध मी जपूनच वाचतो.

मात्रेचा हिशेबही करून पाहावा. उंदराला किलोमागे ४०० मिलिग्रॅम अर्क दिला, तर शरीराच्या पृष्ठभागाच्या प्रचलित हिशेबाने ६.२ ने भागून माणसासाठी किलोमागे सुमारे ६५ मिलिग्रॅम येतात. ६० किलो वजनाच्या व्यक्तीला रोज जवळजवळ ४ ग्रॅम अर्क लागेल, आणि १०० ग्रॅम वाळलेल्या पाल्यातून १० ग्रॅम अर्क निघतो असे धरले, तर ४० ग्रॅम पाला झाला. चमचाभर चूर्ण आणि प्रयोगातील अर्क यांची बरोबरी म्हणूनच करता येत नाही. वनस्पतीची जात, कापणीचा काळ, अर्कासाठी पाणी वापरले की अल्कोहोल, यांनुसारही घटक बदलतात. त्यापुढे विषाक्तता तपासणी आणि माणसांवरील पुरेशा मोठ्या, नियंत्रित चाचण्या येतात. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारे एचबीए१सी त्यांत मोजले जाते. बहुसंख्य अर्क इथपर्यंत पोहोचतच नाहीत, कारण अशा चाचण्या खर्चिक असतात आणि जुन्या, सर्वज्ञात वनस्पतीवर पेटंट मिळवणे अवघड असते. हे मला मनापासून खटकते, कारण यातल्या काही वनस्पती नीट तपासल्या जाण्याच्या योग्यतेच्या आहेत.

आता गुडमारविषयी. त्याचे पान चघळल्यावर काही वेळ गोड चव कळत नाही, कारण त्यातील जिम्नेमिक आम्ले जिभेवरील गोडाच्या ग्राहींना रोखतात. हा परिणाम खराच आहे, पण तो जिभेवरचा. रक्तातील साखरेबद्दल त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. माणसांवरील अभ्यास झाले आहेत, मात्र ते लहान आहेत. ग्लिमेपिराइड स्वतःच साखर प्रमाणाबाहेर उतरवू शकते, त्यामुळे आपल्या बाबतीत जोडीला चूर्ण सुरू करणे मी सुचवणार नाही. आधीच सुरू केले असेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगावे, गोळ्या स्वतःहून कमी करू नयेत. घाम, थरथर किंवा छातीत धडधड जाणवली, तर लगेच साखर तपासावी आणि ती ७० च्या खाली असल्यास १५ ग्रॅम ग्लुकोज घेऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावी.