निबंधाआधी नकाशा

प्रिय,

तुझा निबंध वाचला. करार आहेत, शिखर परिषदा आहेत, नेत्यांची विधानं आहेत. जमीन आणि पाणी मात्र कुठेच नाही. आधी नकाशा उघडायची सवय लाव. सुरुवात आपल्या ठाण्यापासूनच कर.

मध्यवर्ती कारागृह आहे तो मुळात खाडीकाठचा किल्ला. १७३७ साली मराठ्यांनी साष्टी, म्हणजे मुंबईच्या उत्तरेला लागून असलेलं आणि ज्याच्या काठावर हा किल्ला आहे ते बेट, पोर्तुगीजांकडून जिंकली. पोर्तुगीज ती परत घेणार, अशी धास्ती इंग्रजांना पडली आणि डिसेंबर १७७४ मध्ये त्यांनीच हा किल्ला घेतला. साष्टी दुसऱ्याच्या हाती म्हणजे मुंबईची पाठ उघडी! त्यावरून मराठ्यांशी युद्ध पेटलं. १७८२ च्या सालबाईच्या तहात इंग्रजांनी वसई परत केली, गुजरातेतले जिंकलेले मुलूख सोडले. साष्टी सोडली नाही. त्यांना नेमकं काय हवं होतं, हे त्या एका गोष्टीवरून कळतं.

आता इराणच्या आखाताच्या तोंडाशी असलेलं होर्मुझ बघ. सर्वात अरुंद जागी ही सामुद्रधुनी सुमारे २१ सागरी मैल रुंद आहे. १९८२ च्या सागरी कायद्याच्या करारानुसार किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत देशाचा प्रादेशिक समुद्र. दोन्ही काठांचे मिळून २४. म्हणजे तिथे मोकळा समुद्र उरतच नाही, सगळं पाणी इराणचं नाहीतर ओमानचं. न्हावा-शेव्याहून दुबईच्या जेबेल अली बंदराकडे निघालेलं जहाज याच पाण्यातून जातं. अशा सामुद्रधुनीतून ये-जा अडवू नये, असं तोच करार सांगतो. पण इराणने त्यावर सही केली असली तरी अनुसमर्थन, म्हणजे तो आपल्यावर बंधनकारक असल्याची अंतिम मान्यता, दिलेली नाही. बातम्या वाचताना हे डोक्यात असू दे.

भूगोल म्हणजे नियती, असं मात्र लिहू नकोस. ती चूक हुशार मुलं हमखास करतात. सुएझ कालवा १९६७ ते १९७५ बंद होता. तेल आफ्रिकेला वळसा घालून जायला लागलं, त्या लांबच्या वाटेवर परवडावीत म्हणून अजस्र टँकर वापरात आले. खर्चाचं गणितच बदललं.

येताना इराणच्या आखाताचा नकाशा हाताने काढून आण. इराकच्या वाट्याला जेमतेम ५८ किलोमीटर किनारा आलाय. शत्त-अल-अरब नदीतली इराक-इराण सीमा १९७५ च्या कराराने ठरली, आणि १९८० मध्ये इराकच्या सद्दाम हुसेनने तो करार झुगारून इराणवर हल्ला केला. का, ते एका पानात लिही. त्यात भाषणातलं एकही वाक्य नको.

तुझे,
सर