नोकरी सांभाळून भयकथा लिहिणं आणि त्या वाचकांपर्यंत पोचवणं कसं जमतं?

तुम्ही लिहिलंय की हिंजवडीत नोकरी करता, तीन भयकथा तयार आहेत, पण सोशल मीडियावर रोज काहीतरी टाकत राहिलं नाही तर लेखक म्हणून कुणी ओळखत नाही असं सगळे सांगतात. मग लिहायचं कधी?

मी अकरा वर्षं गूढकथा आणि भयकथा लिहितेय. दिवसा बँकेत असते, रात्री जेवणं आवरल्यावर नऊ ते साडेदहा लिहायला बसते. पहिली तीन-चार वर्षं हाच प्रश्न मलाही छळत होता. तो सुटला तो लिहायचे महिने आणि सांगत फिरायचे महिने वेगळे केल्यावर. मराठीत हे जमतं, कारण आपल्याकडे कथेचं वर्ष दिवाळी अंकांनीच आखून दिलंय. का. र. मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला, त्या गोष्टीला शंभराहून जास्त वर्षं झाली, तरी कथा लिहिणाऱ्याचं घड्याळ अजून त्याच सणावर चालतं. रहस्य आणि गूढ कथांना तर 'धनंजय', 'नवल' अशा अंकांनी हक्काची जागा दिली.

एप्रिल-मेमध्ये संपादकांकडून विचारणा सुरू होते. नवीन माणसाला विचारणा येत नाही, त्याने आपणहून पाठवायची असते, आणि तीही याच दिवसांत. जुलैअखेरपर्यंत संपादकांना कथा हातात लागते. ऑगस्टमध्ये पानं लागत असतात, म्हणजे छपाईसाठी मांडली जात असतात, चित्रकाराकडे मजकूर गेलेला असतो, त्यामुळे चांगली कथाही उशिरा आली म्हणून पुढच्या वर्षावर जाते. म्हणून मे ते जुलै मी कुठेही काहीही टाकत नाही, कार्यक्रमही घेत नाही. जूनपासून पाऊस लागलेला असतो, बाहेर पडायचं मनातही येत नाही. या तीन महिन्यांत तीन कथा होतात. चौथी ओढूनताणून लिहिली की ती ओढलेली दिसतेच.

आता प्रुफांबद्दल, म्हणजे छापण्याआधी तपासायच्या पानांबद्दल, जरा सविस्तर सांगते, कारण हे कुणी सांगत नाही. आपण युनिकोडमध्ये टाइप करतो. छपाईसाठी तो मजकूर पुष्कळदा दुसऱ्या फॉन्टमध्ये बदलतात, आणि त्यात रफार उडतात, जोडाक्षरं फुटतात. एका अंकात माझ्या कथेचा शेवटचा परिच्छेदच गळाला. घरात राहणारी बाई जिवंत नाही, हे त्या चार ओळींतच कळणार होतं. नगरच्या एका आजोबांनी फोन करून विचारलं, "बाई, पुढे काय झालं?" मी त्यांना शेवट फोनवर वाचून दाखवला. ते बराच वेळ गप्प होते. त्या रात्री मला झोप लागली नाही. विनोदी कथेतली एखादी ओळ गेली तर कथा लंगडते, भयकथेचा शेवट गेला तर कथाच उरत नाही. तेव्हापासून कथेसोबत पीडीएफ पाठवते आणि लागलेली पानं बघायला मिळावीत असं पहिल्याच पत्रात लिहिते. कुणी रागावलं नाही.

अंक आले की मग सांगायचे दिवस. अप्पा बळवंत चौकात अंक दिसायला लागले की कथा कोणत्या अंकात आहे आणि सुरुवात कशी आहे, एवढं मी एकदाच लिहून टाकते. खरा वाचक मिळतो तो वाचून दाखवल्यावर. शंकर पाटील, व्यंकटेश माडगूळकर, द. मा. मिरासदार या तिघांनी कथाकथनाने गावोगावची मैदानं भरवली, आणि तो कान महाराष्ट्रात अजून शाबूत आहे. मी सोसायट्यांच्या गच्चीवर, ज्येष्ठ नागरिक संघात, पेठेतल्या वाचनालयात वाचते. वीस माणसं असली तरी पुरतात. तिथे कथेचंही कळतं: कुठे खुर्च्या सरकायला लागल्या, ती जागा मी घरी येऊन कापते.

एक सुचवू? शनिवारवाड्यावरची कथा आधी पाठवू नका. नारायणराव पेशव्यांचा १७७३ मधला खून आणि पौर्णिमेची ती हाक पुण्याचा वाचक लहानपणापासून ऐकत आलाय. त्याला भीती वाटते ती रोजच्या पार्किंगमध्ये, लिफ्टमध्ये, शेजारच्या बंद फ्लॅटमध्ये.

नाव नसण्याची चिंता करू नका. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला डॉ. जयंत नारळीकरांनी 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली, म्हणजे आपलीच आद्याक्षरं उलटी करून. त्यांच्या मोठ्या नावाचं दडपण परीक्षकांवर येऊ नये म्हणून. पहिलं बक्षीस मिळालं ते त्या अनोळखी जगतापांना.

मानधन थोडं असतं, त्यावर घर चालत नाही. म्हणूनच हक्क जपा. कॉपीराइट लेखकाचा असतो, आणि १९५७ च्या कायद्याप्रमाणे तो दुसऱ्याला द्यायचा तर सही केलेला लेखी करार लागतो. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात. अंकाला फक्त छापण्याची परवानगी द्या. ऑडिओ, अनुवाद, संग्रह हे आपल्याकडे ठेवा. माझ्या दोन जुन्या कथा ऑडिओत गेल्या आणि अंकापेक्षा जास्त पैसे त्यांनी दिले.

तुमच्या तीनपैकी जी कथा घरच्यांना वाचून दाखवताना तुमचाच आवाज खाली आला, ती मे महिन्यात एकाच संपादकांना पाठवा. दोन ठिकाणी एकदम नको. महिन्याभराने एक फोन करा. आणि उरलेल्या दोन घेऊन आधी कुठल्यातरी गच्चीवर वाचा, मी पुण्यातच असते, ऐकायला येईन.