प्रमोटर कंपनी दुसऱ्याच्या हातात देतोय, मग आम्हा भागधारकांचं मतदान का नाही?

तुमच्याकडे ३०० शेअर आहेत, प्रमोटर (कंपनीचा ताबा असलेला मुख्य भागधारक) सगळा हिस्सा दुसऱ्या ग्रुपला विकतोय, ओपन ऑफरचं पत्र आलं पण मतदानाची नोटीस नाही. आम्हीही मालकच ना, असं तुम्ही विचारलंय. मालक आहात, पण प्रमोटर इथे स्वतःचे शेअर विकतोय. तुमचे ३०० विकताना तुम्ही त्याला विचारता का?

अशा सौद्यात कायद्याने तुम्हाला मत दिलेलं नाही, बाहेर पडायची संधी दिली आहे. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्या २०११ च्या टेकओव्हर (कंपनी ताब्यात घेण्याच्या) नियमांनुसार एखाद्याचा मताधिकार २५ टक्क्यांवर पोचला किंवा कंपनीचा ताबा बदलला, की त्याला इतर भागधारकांकडून निदान २६ टक्के शेअर विकत घ्यायची ऑफर द्यावी लागते. हीच ओपन ऑफर. ऑफरचा भाव सौद्यात प्रमोटरला ठरलेल्या भावापेक्षा कमी ठेवता येत नाही. १९९७ च्या नियमांत 'नॉन-कंपीट फी' (पुन्हा त्याच धंद्यात स्पर्धा न करण्याचा मोबदला) म्हणून प्रमोटरच्या पदरात २५ टक्क्यांपर्यंत जास्तीचे पडू शकायचे. ती पळवाट २०११ मध्ये बुजवली. माझ्या मते छोट्या भागधारकाला मतापेक्षा हेच जास्त मोलाचं. ३०० शेअरांनी कुठला ठराव पडतो?

माइंडट्री या आयटी कंपनीचं घ्या. मार्च २०१९ मध्ये तिचे मोठे भागधारक, कॅफे कॉफी डेचे व्ही. जी. सिद्धार्थ यांचा २० टक्क्यांच्या आसपासचा हिस्सा एल अँड टीने ९८० रुपयांनी घ्यायचं ठरवलं. संस्थापकांनी जाहीर विरोध केला, पण त्यांच्याकडे होते जेमतेम १३ टक्के, आणि मतदानाचा प्रश्नच नव्हता. बोर्डाने बायबॅकचा (कंपनीने स्वतःचेच शेअर विकत घेण्याचा) विचार केला आणि आठवडाभरात सोडून दिला. ऑफर चालू असताना बायबॅक करायचा, नवे शेअर काढायचे किंवा मोठी मालमत्ता विकायची तर भागधारकांचा विशेष ठराव लागतो, म्हणजे विरोधाच्या तिप्पट मतं बाजूने हवीत. तिथे मात्र तुमचं मत लागतं. जूनमध्ये त्याच ९८० रुपयांनी ओपन ऑफर झाली आणि एल अँड टी ६० टक्क्यांवर गेली.

मतदान आलं ते २०२२ मध्ये, माइंडट्री एल अँड टीच्याच एलटीआय या आयटी कंपनीत विलीन करताना: माइंडट्रीच्या १०० शेअरांना एलटीआयचे ७३. विलीनीकरणाच्या स्कीमला (योजनेला) मतदान करणाऱ्यांच्या शेअरांच्या मूल्याने तीन चतुर्थांश मतं आणि एनसीएलटी या कंपनी न्यायाधिकरणाची मंजुरी लागते. लिस्टेड कंपन्यांच्या बऱ्याच स्कीममध्ये सेबी प्रमोटर वगळून इतरांची मतं वेगळी मोजायला लावते. तुमच्या कंपनीचंही पुढे असं झालं तर ती ई-व्होटिंगची ईमेल न वाचता डिलीट करू नका.

आत्ता ऑफरचा भाव आणि बाजारभाव शेजारी ठेवून बघा. बाजारात जास्त मिळत असेल तर ऑफरच्या नादी लागण्यात अर्थ नाही. स्वतंत्र संचालकांच्या समितीचं मत जाहिरातीत येतं, ते वाचा. टेंडर केलेले, म्हणजे ऑफरमध्ये विकायला दिलेले, शेअर परत मागता येत नाहीत, आणि शेअर जास्त आले तर प्रमाणात घेतात. ३०० पैकी शंभरेकच गेले असंही होतं. उरलेल्यांवर नव्या मालकाबरोबर राहायची तयारी आहे का, हे टेंडर करण्याआधीच ठरवा.